महिलांचे पान आणि संपादकीय पान

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महिला दिनाच्या पुरवणीत दरवर्षी कर्तबगार स्त्रियांच्या मुलाखती येतात. बाई शास्त्रज्ञ असो, चित्रकार असो की कादंबरीकार, एक प्रश्न ठरलेला: घर सांभाळून हे सगळं कसं जमवता? पुरुष लेखकाला असं कोणी विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

स्त्रीच्या बुद्धीला आता उघडपणे कोणी नावं ठेवत नाही, पण तिचं काम फावल्या वेळातलंच धरलं जातं. घरी लिहायला बसलेल्या बाईला दाराची बेल वाजली की उठावं लागतं, कारण ती 'घरीच तर असते'. तासाभरात चारदा उठल्यावर सुटलेलं वाक्य काही केल्या सापडत नाही. मग 'बायकांना मोठा आवाका झेपत नाही' म्हणायला समीक्षक मोकळे!

पूर्वी तर नावही मिळत नसे. जर्मन संगीतकार फॅनी मेंडेल्सन यांची काही गाणी त्यांचा संगीतकार भाऊ फेलिक्सच्या नावावर छापली गेली. 1842 मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यातलंच एक आवडीने गायलं, तेव्हा ते बहिणीचं असल्याचं त्याला कबूल करावं लागलं. गणितज्ञ एमी नोएथर जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात गणित शिकवत, पण व्याख्यानं जाहीर होत तिथले प्राध्यापक हिल्बर्ट यांच्या नावाने. पगार तर नव्हताच. आधुनिक भौतिकशास्त्राला पायाभूत ठरलेलं प्रमेय 1918 मध्ये मांडणाऱ्या बाईंची ही कथा. आपल्याकडे मालतीबाई बेडेकरांनी 1933 मध्ये 'विभावरी शिरूरकर' हे नाव घेतलं, तर कथांपेक्षा लेखिका कोण याचीच चर्चा अधिक रंगली.

आज नाव छापून येतं, हे खरं. मात्र विषय वाटून दिलेले असतात. पालकत्व, नातेसंबंध, आरोग्य बाईंकडे. अर्थसंकल्प, संरक्षण, राज्यघटना पुरुषांकडे. बायकांच्या प्रश्नांवर ती बोलली तर 'अनुभवाचे बोल', दुसऱ्या कशावर बोलली तर 'हिचा अभ्यास कितपत?' पुरुष स्तंभलेखकाचा निवडणुकीचा अंदाज साफ आपटला तरी पुढच्या आठवड्यात त्याचं सदर जागेवर असतं. चुकण्याची ही सवलत स्त्रीला मिळत नाही, आणि या सवलतीशिवाय मतस्वातंत्र्याला फारसा अर्थ नाही.

म्हणून एक विनंती. येत्या अर्थसंकल्पावरचा मुख्य लेख एखाद्या अर्थतज्ज्ञ स्त्रीकडून लिहून घ्या, मानधन इतरांइतकंच द्या आणि परिचयाच्या चौकटीत तिला मुलं किती, हे छापू नका.

आपली,
एक वाचक