सुट्या भागांविना ‘ग्राउलर’

महोदय,

शत्रूचे रडार निष्प्रभ करणाऱ्या ‘ईए-१८जी ग्राउलर’ विमानाच्या चर्चेत सुट्या भागांचा प्रश्न सहसा मागे पडतो. सांगाडा व इंजिने यांचे बरेच भाग ‘सुपर हॉर्नेट’ या लढाऊ विमानाशी समान असल्याने तेथे अडचण कमी, परंतु त्याचे ‘एएलक्यू-९९’ जॅमिंग पॉड (विमानाखाली टांगलेली, शत्रूच्या रडारमध्ये व्यत्यय आणणारी उपकरण-पेटी) मुळात १९७० च्या दशकातील ‘प्राउलर’ विमानाबरोबर सेवेत आलेल्या प्रणालीचे असून, टोकावरील वाऱ्याने फिरून वीज देणाऱ्या टर्बाइनपासून प्रक्षेपकापर्यंत ते सांभाळणे जिकिरीचे आहे. उत्पादन थांबलेला इलेक्ट्रॉनिक घटक पुन्हा घडवणे अनेकदा नवी रचना करण्याइतकेच खर्चिक ठरते. (बातम्यांत मात्र विमानांची संख्याच ठळक असते!) मुळात १२ च ग्राउलर घेतलेल्या ऑस्ट्रेलियासारख्या देशात तर एकेका भागाच्या प्रतीक्षेत ताफ्याचा लक्षणीय हिस्सा जमिनीवर राहू शकतो.

– एक वाचक