लग्नपत्रिका रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की सोसायटीच्या ग्रुपवर 'गरजूंसाठी ग्रीटिंग कार्डं बनवूया' असे मेसेज सुरू होतात, आयडिया छानच आहे, आम्हीपण दरवर्षी हॉलमध्ये जमतो, पण बऱ्याच ठिकाणी काय होतं की आधी स्टेशनरीच्या दुकानातून चमकी, स्टिकर, जाड रंगीत कागद, ग्लू गन असं पोतंभर सामान येतं आणि कार्डं विकून जे पैसे जमतात त्यातले निम्मे तिथेच गेलेले असतात. मग मदत नक्की कुणाला झाली? दुकानदाराला!

आमच्याकडे नियम एकच, विकत फक्त फेविकॉल आणायचा, बाकी सगळं लग्नपत्रिकांमधून काढायचं. प्रत्येकाच्या कपाटावर पत्रिकांचा गठ्ठा असतोच, वर गणपती असतो म्हणून टाकवत नाही आणि ठेवून करायचं काय तेही कळत नाही. तोच गणपती कापून कार्डावर लावायचा, सोनेरी बॉर्डर आयती मिळते, पाकीट उसवून उलटं चिकटवलं की नवं. फक्त कापताना जरा लक्ष ठेवावं लागतं, एका कार्डाच्या मागे 'कृपया आहेर आणू नये' तसंच राहिलं होतं आणि एका काकांनी मुद्दाम तेच विकत घेतलं.

युनिसेफचं पहिलं कार्ड 1949 चं, चेकोस्लोव्हाकियातल्या 7 वर्षांच्या मुलीच्या चित्रावरून केलेलं, आणि ते चित्र तिने काचेवर काढलं होतं कारण कागदच नव्हता! आपल्याकडे क्राय संस्थेची कार्डं तर कित्येक घरांत यायची.

चमकीला माझा अजून एक विरोध आहे, कार्ड जड होतं. साध्या टपालाने 5 रुपयांच्या तिकिटावर 20 ग्रॅमपर्यंतच जातं, त्याच्या वर गेलं की नॉटपेड, म्हणजे ज्याला शुभेच्छा पाठवल्या त्याच्याकडूनच पोस्टमन कमी पडलेल्या पैशाच्या दुप्पट घेणार.

आमचे पैसे परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये बाहेरगावाहून उपचाराला येणाऱ्यांसाठी जातात. केमो महिनोन्‌महिने चालते, मुंबईत राहायचं कुठे हाच मोठा प्रश्न, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशाच लोकांची सोय करते. काही कार्डं पेशंटसाठीही करतो. तेव्हा आमच्याच बिल्डिंगमधल्या एक आजी, ज्या स्वतः यातून गेल्यात, म्हणाल्या की 'लवकर बरे व्हा' लिहू नका गं, ते वाचून वाचून कंटाळा येतो, काहीतरी गंमत लिहा. मग पोरांनी सोसायटीच्या मांजराचे उद्योग लिहिले. पेशंट बंगालमधूनही येतात, म्हणून एका बंगाली काकूंनी चार ओळी लिहून दिल्या आणि मुलांनी त्या बघून बघून गिरवल्या, वाचता एकालाही येत नव्हत्या!

एक विनंती. तुमच्या पुरवणीत दिवाळीआधी चकलीच्या रेसिपी असतातच, त्यातच एक चौकट संस्थांची द्या, फोन नंबर आणि त्यांना खरंच काय हवंय ते, म्हणजे कुणाला रोख, कुणाला तेल-साखर, कुणाला चादरी. लोक न विचारता जुने कपडे नेऊन टाकतात आणि वर चेक देतानाचा फोटो काढतात.

आणि ज्यांच्याकडे पत्रिका जास्त असतील त्यांनी जवळच्या शाळेत द्याव्यात, प्लास्टिक कोटिंगवाल्या मात्र नकोत, त्यावर फेविकॉल टिकत नाही.

कळावे,
एक वाचक, डोंबिवली