फ्रीज बंद ठेवणाऱ्या मावशींना, नाशिकहून

मावशी, नमस्कार.

हे तुम्ही स्वतः वाचणार नाही, नात वाचून दाखवेल, आणि दोन ओळी झाल्या की "आजी, यात तुझं नावच नाहीये" म्हणून वैतागेल. नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. गावाचंही नाही. लिहिलं तर उद्या कुणीतरी कॅमेरा गळ्यात अडकवून तुमच्या ओटीवर येऊन उभं राहील आणि तुम्ही त्यालाही चहा टाकाल, तुमचा काही भरवसा नाही.

काल अंधेरीत आपल्या सिनेमाच्या आवाजाचा फायनल मिक्स ऐकला. "आपल्या" असंच म्हणतोय, हसू नका. परत येताना पंचवटी एक्सप्रेसमध्ये पासवाल्यांची पत्त्यांची मैफल ऐन रंगात होती आणि मी खिडकीला डोकं टेकून एवढंच ठरवत होतो की घरी पोचलो की आधी तुम्हाला पत्र, मग जेवण. तर आता गंगापूर रोडला घरी बसून लिहितोय, भात निवलाय.

बाकी कुणी वाचत असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही नाशिकची, कालिदासला एकांकिका करून मोठी झालेली पोरं. एक सिनेमा केलाय, भुताचा, समुद्राकाठच्या एकट्या घरातला. एक मुलगी वारलेल्या आत्याचं घर विकायला येते आणि रोज ओहोटीला समुद्राकडून घराच्या दारापर्यंत ओल्या पावलांचे ठसे आलेले दिसतात, परत गेलेले मात्र नाहीत. एवढीच गोष्ट. बजेट सांगत नाही कारण लाज वाटते असं नाही, पण आमच्याच ओळखीतल्या एका लग्नात डेकोरेशनला त्याहून जास्त गेले होते. भूत पडद्यावर एकदाही दिसत नाही. कलात्मक कारणं नंतर सुचली, खरं कारण व्हीएफएक्सचं कोटेशन.

यावर लोक काय काय बोलले मावशी. पैसे घालू शकणारे एक गृहस्थ म्हणाले, भूत दाखवणारच नाही तर तिकीट कशाचं काढायचं, आवाजाचं? दुसरे म्हणाले, मराठीत हॉरर कोण बघतं, त्यापेक्षा चार विनोदी मित्र गोव्याला जातात असं काहीतरी करा. बरं हे तरी तोंडावर बोलले. पण ज्या रिसॉर्टवाल्यांनी अ‍ॅडव्हान्स घेतला, हसून हात मिळवला, "आपलेच लोक आहात" म्हणाले, त्यांनी आमचा टेम्पो जव्हार ओलांडून खाली उतरला तेव्हा फोन करून सांगितलं की भुताचं शूटिंग झालं तर आमच्या बुकिंगवर परिणाम होईल, सॉरी. अ‍ॅडव्हान्स अजून त्यांच्याकडेच आहे. त्यांच्या फोटोंखाली अजूनही "अतिथी देवो भव" लिहिलेलं असतं, ते दिसलं की मी फोन पालथा ठेवतो.

त्या संध्याकाळी टेम्पोवाल्याच्या ओळखीच्या ओळखीने आम्ही तुमच्या दारात. पानवेलीच्या वाडीमागे कौलारू घर, पुढे सुरूची झाडं, त्यापलीकडे समुद्र. मी आधीच चार ठिकाणी नकार ऐकलेल्या माणसासारखं खालमानेने सांगितलं की सिनेमा आहे, भुताचा आहे. तुम्ही म्हणालात, "म्हणजे रात्रीच काम करणार ना तुम्ही. जेवून येणार की इथंच जेवणार?"

बास. परवानग्या, कागद, भाड्याची बोलणी, तो सगळा गोंधळ पुढे झाला, त्यात काही सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तांदूळ निवडता निवडता गोष्ट विचारलीत. मी सांगितली. तुम्ही विचारलंत, "ती बाई परत का येते? घर विकतायत म्हणून ना?" मी हो म्हणालो. "मग बरोबरे तिचं," म्हणालात आणि तांदूळ धुवायला उठलात. ज्यांनी आमची स्क्रिप्ट स्पायरल बाइंडिंग करून मागवून घेतली होती त्यांच्यापैकी एकालाही हे कळलं नव्हतं.

आता समुद्राचं. आम्ही गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, वाढलेली माणसं. आमच्यासाठी पाणी म्हणजे गंगापूर धरणातून सोडलं की वाढणारं, आणि ते किती वाढलं हे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत लागलं यावरून ठरतं. रोज दोनदा येणारं आणि दोनदा जाणारं पाणी आमच्या अंगवळणी नाही. आमच्या फोनमध्ये भरती-ओहोटीचं अ‍ॅप होतं आणि तुमच्याकडे रेंज नव्हती. तुम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघून म्हणालात, आज षष्ठी, साडेचारला पूर्ण भरती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. सहाची पाऊणपट साडेचार. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे पावणेअकराच्या आसपास पाणी सगळ्यात लांब. हे शाळेत भूगोलात होतं, मार्कांपुरतं. भिंतीवरचं कॅलेंडर बघून कुणी ते वापरताना मी पहिल्यांदा बघितलं. वर म्हणालात, "अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, समुद्र फार अंगावर येणार नाही, तेवढ्यात उरकून घ्या, अमावास्येच्या उधाणाला मी तुम्हाला तिकडं उभं राहू देणार नाही." त्यानंतर आमच्या कॉलशीटवर, म्हणजे रोजच्या शूटिंगच्या वेळापत्रकावर, तारखेशेजारी तिथी यायला लागली. असं करणारं दुसरं युनिट असेल तर मला भेटायचंय त्यांना.

आणि ओहोटी फक्त ठशांसाठी लागत नव्हती. (ठसे काय सुंदर आले! ओल्या वाळूवर पाऊल दाबलं की भोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढरट दिसते आणि मग पुन्हा भिजते, आमच्या कॅमेरावाल्याने तेवढंच धरलंय, त्या शॉटला स्टुडिओतला माणूससुद्धा गप्प झाला.) ओहोटी लागत होती आवाजासाठी. भूत दिसत नाही म्हणजे ते ऐकू यायला हवं, आणि ऐकू यायला आधी शांतता हवी. भरतीत लाटा इतक्या जवळ असतात की संवाद धुऊन जातो, आणि एक वाक्य भरतीत, पुढचं ओहोटीत घेतलं की एडिटला समुद्र मध्येच उडी मारतो. सगळं नंतर डब करायचं तर स्टुडिओचं भाडं, ते कुठून आणणार. म्हणून रात्री पाणी लांब गेलं की तेवढ्या दोन-अडीच तासांत सगळे संवाद. पंखे बंद. डास चावले तरी हलायचं नाही. आणि या सगळ्यात स्वयंपाकघरातला तुमचा फ्रीज.

फ्रीजचा त्रास असा की तो सतत आवाज करत नाही. सतत केला असता तर परवडलं असतं. तो मध्येच घुर्र करून चालू होतो आणि नेमक्या वाक्याला बंद होतो, आणि दोन शॉट जोडले की तो सांधा कानाला लागतो. म्हणून आमच्या साऊंडवाल्याने पहिल्या रात्री विचारून फ्रीज बंद केला आणि स्वतःच्या गाडीची किल्ली आत ठेवली. तुम्ही बघितलंत, विचारलंत, हा पोरगा बरा आहे ना? त्याने सांगितलं की साऊंडवाल्यांची ही जुनी सवय असते, किल्ली फ्रीजमध्ये टाकायची म्हणजे फ्रीज चालू केल्याशिवाय निघताच येत नाही, घरवाल्यांचं दूध-दही नासत नाही. तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात आणि आम्हाला वाटलं विषय संपला.

दुसऱ्या रात्री त्याने किल्ली ठेवायला फ्रीज उघडला आणि मला हाक मारली. फ्रीज रिकामा. मासे, दही, नातीचे पेप्सीकोले, सगळं शेजारच्या वहिनींकडे गेलेलं. कप्पे पुसलेले. आणि मधल्या कप्प्यात तुमचा चष्मा, डबीसकट.

मी विचारलं, मावशी, चष्मा?

तुम्ही म्हणालात, "तुम्ही पहाटे दमून पडाल, तुम्हाला कोण उठवणार. मी सकाळी उठले की आधी चष्मा शोधते. सापडला की फ्रीज चालू करेन. तुम्ही आता त्याची काळजी करू नका, काम करा."

मावशी, मी त्या वेळी फक्त "बरं" म्हणालो. पुढचा शॉट लागला होता आणि पाणी थांबणार नव्हतं. पण त्यानंतर जेवढ्या रात्री आम्ही तिथं होतो तेवढ्या रात्री तुम्ही चष्म्याशिवाय काढल्यात. झोपण्याआधी पोथीची दोन पानं वाचायची तुमची सवय, ती बंद. सिरियल तर आवाजामुळे आधीच बंद होती. अंधारात भिंत चाचपत माजघरात जाताना मी तुम्हाला बघितलंय, आणि तुम्ही बोट तोंडावर ठेवून मलाच गप्प राहायची खूण केलीत, कारण टेक चालू होता.

लोकांनी आम्हाला पैसे दिलेत, जागा दिल्यात, शुभेच्छा तर ढिगाने दिल्यात. पण "शांतता हवीये" हे काम आहे, नखरा नाही, हे न सांगता समजून घेऊन स्वतःची रात्र त्यात घालणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. आमच्या घरचेसुद्धा रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सर लावतात.

काल मिक्समध्ये तो प्रसंग आला. मुलगी माजघरात उभी आहे, लांब कुठेतरी समुद्र आहे की नाही अशी शंका येण्याइतका बारीक, बाकी काही नाही. आणि मग पडवीत पहिलं ओलं पाऊल. थिएटरमधला ऑपरेटर रोज हेच काम करतो, तो दचकला आणि त्याने वळून मागे बघितलं. मिक्स करणारे म्हणाले, एवढी स्वच्छ रात्र कुठे मिळाली तुम्हाला, सेट लावला होता का? साऊंडवाला म्हणाला, नाही, एका मावशींनी चष्मा काढून ठेवला होता. त्यांना काही कळलं नाही, आम्ही दोघं मात्र जरा बाहेर जाऊन आलो.

आणि हो, ते पाऊल. ते सगळ्यांना सांगायलाच हवं. ओल्या पायाचा आवाज काढायला आमच्या माणसाने ओली चप्पल, पिळलेला टॉवेल, स्वतःचे पाय, सगळं करून बघितलं, पण काहीच खरं वाटेना. तुम्ही मागून बघत होतात, आत गेलात आणि ताटलीत ताजे बोंबील घेऊन आलात. पाण्याने भरलेला, लिबलिबीत, मऊ. शहाबादी फरशीवर एक आपटलात. आम्ही सगळे गार. तर ज्या भुताला घाबरून उद्या प्रेक्षक किंचाळणार आहेत ते भूत म्हणजे बोंबील आहे, आणि तो बोंबील रात्रभर फरशीवर आपटत बसलेला आमचा साऊंडवाला सातपूरचा, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. आईला अजून सांगितलेलं नाही त्याने.

आमच्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके. नाशिकमध्ये सिनेमाचं नाव काढलं की लोक आधी त्यांचं नाव घेतात, आणि घ्यावंच. १९१३ साली राजा हरिश्चंद्र आला तेव्हा घरात अख्ख्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत होत्या, फिल्मला भोकं पाडायलाही त्याच बसत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेबांचं स्मारक आहे, आम्ही लहानपणी तिथं डबे घेऊन सहलीला जायचो. आता गेलो की मला राहून राहून सरस्वतीबाई आठवतात. पैसा नसलेला सिनेमा शंभर वर्षांपूर्वीही कुणाच्या तरी स्वयंपाकघरावरच चालत होता, फक्त तेव्हा तिथं फ्रीज नव्हता.

चांगुलपणावर भाषणं देणारे आम्हाला खूप भेटले, त्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर फोन उचलला नाही. तुम्ही एकदाही असलं काही बोलला नाहीत. उलट पंक्तीत उशिरा आलेल्या लाईटमनला चांगलंच झापलंत, आणि मग त्याच्या ताटात भाकरी गरम वाढलीत. सभ्य माणूस ओळखायचा कसा हे मला विचाराल तर मी आता एवढंच बघतो की शेवटी जेवायला येणाऱ्याला काय मिळतं.

आता कामाचं. श्रेयनामावलीत तुमचं नाव "विशेष आभार"मध्ये नाहीये. तिथं रिसॉर्ट, हॉटेलं आणि नगरसेवक असतात. तुमचं नाव साऊंड डिपार्टमेंटमध्ये घातलंय, रेकॉर्डिस्टच्या खाली, स्वतंत्र ओळीत. साऊंडवाल्यानेच हट्ट धरला.

दुसरं, भाड्याची राहिलेली रक्कम नातीच्या फोनवर पाठवली होती ती तुम्ही तिच्याकडून परत पाठवायला लावलीत, वर "पोरांनो राहू द्या" असा मेसेज. ते चालणार नाही. तुम्ही त्या दिवसांत घर आम्हाला दिलंत म्हणून तुमचे नेहमीचे पाहुणे दुसरीकडे गेले, हे मला शेजारच्या वहिनींनी सांगितलंय, त्यांना रागावू नका. यावेळी रोख घेऊन येतोय आणि सोबत लॅपटॉप आणि स्पीकर. सिनेमा तुमच्या ओटीवरच दाखवणार, घाबरायचं असेल तर दिवे बंद करून, नाहीतर दुपारी. संक्रांतीनंतर येऊ, कालनिर्णय बघून दिवस तुम्हीच सांगा. आणि बोंबील कराल तर साऊंडवाल्यासाठी वालाचं बिरडं वेगळं काढून ठेवा, त्याने तेवढाच निरोप द्यायला सांगितलाय.

तुमचा,
नाशिकचा दिग्दर्शक (ज्याला तुम्ही शेवटपर्यंत "कॅमेरावाला" म्हणत राहिलात)