ट्रंका उघडण्याआधी

बडोदा, गुरुवार

प्रिय मंदा,

परवा फोनवर तू बोलता बोलता सांगितलंस, की माळ्यावरून आजोबांच्या दोन ट्रंका खाली काढल्यात, भाचा मोबाइलवर सगळ्या कागदांचे फोटो काढणार आहे आणि मग ‘पस्तीवाल्याला देऊन मोकळं व्हायचं’. पुण्यात इतकी वर्षं काढूनही तुझ्या तोंडी ‘रद्दीवाला’ आला नाही, ‘पस्तीवाला’च आला. बडोद्यातला दांडिया बाजार अजून सुटलेला नाही तुझ्यातून. म्हणूनच हक्कानं लिहिते आहे: भाच्याला थांबव. हे पत्र वाचून होईपर्यंत ट्रंकेतला एकही कागद जागचा हलवू देऊ नकोस.

तुला माहीत आहे, मी निवृत्त झाल्यापासून इथल्या एका जुन्या मराठी मंडळाच्या दप्तरात बसते. मागच्या खोलीत गोदरेजची कपाटं, एक लांब टेबल, खिडकीजवळ उजेड. कपाटांत मंडळाची इतिवृत्तं, वर्गणीच्या वह्या, निमंत्रणपत्रिका, आणि बडोद्यातल्या घराघरांतून आलेले कागद. आपल्या भागात गेल्या शतकात कोण राहत होतं आणि कसं जगत होतं, एवढंच मला शोधायचं आहे. राजवाड्याचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. पोळीतल्या, म्हणजे आपल्या गल्लीतल्या, कारकुनाचा लिहिणारं कोणी नाही.

एका वर्गणीच्या वहीबद्दल सांगते, म्हणजे मी इतकी का पेटले आहे ते कळेल. लाल कापडी पुठ्ठा, दोऱ्यानं शिवलेली, डावीकडे नाव, मग पत्ता, मग महिनेवार आणे. शेवटी ‘शेरा’चा अरुंद रकाना. तो मी पहिल्यांदा वाचलाही नव्हता, वर्गणीच्या वहीत शेऱ्याला काय असणार! पण त्यात ओळीमागून ओळी असं आहे: ‘बदली, नवसारी’. ‘बदली, अमरेली’. ‘पाटणहून परत’. ‘रजेवर, देशी’. बडोदा संस्थान काही सलग नव्हतं गं. बडोदा, कडी, नवसारी, अमरेली असे प्रांत, मध्ये मध्ये इंग्रजी मुलूख आणि दुसरी संस्थानं. आपल्याकडची ही कारकून-मास्तर मंडळी दर दोन-चार वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर घेऊन या तुकड्यांतून फिरत होती, आणि परत आली की आधी मंडळाची थकलेली वर्गणी भरत होती. वर्गणी गोळा करणाऱ्या चिटणिसानं हिशेबापुरतं लिहून ठेवलं आणि त्यातून अख्ख्या समाजाच्या स्थलांतराचा नकाशा तयार झाला.

मग मी तीच नावं संस्थानच्या ‘आज्ञापत्रिके’त, म्हणजे सरकारी गॅझेटात, शोधायला लागले. नेमणुका, बढत्या, बदल्या तिथे छापल्या जात. पण आज्ञापत्रिका सांगते ती हुकमाची तारीख, आणि वही सांगते माणूस खरोखर कधी गेला ते. दोहोंच्या मध्ये कधी कधी चार महिने निघतात. त्या चार महिन्यांत काय झालं, बाळंतपण होतं, आजारपण होतं, की बदली रद्द करायची खटपट चालली होती, हे तिसऱ्याच कागदात सापडतं. आणि तो तिसरा कागद हमखास कोणाच्या तरी घरच्या ट्रंकेत असतो.

सरकारी कागद कमी लेखू नकोस हं. छप्पनियाचा, म्हणजे संवत 1956 चा (इ.स. 1899-1900) दुष्काळच घे. 1891 च्या शिरगणतीत बडोदा राज्याची वस्ती 24 लाख 15 हजार होती, 1901 मध्ये 19 लाख 52 हजार. साडेचार लाखांहून जास्त माणसं कमी. हा आकडा कुठल्याही मंडळाच्या वहीत मिळणार नाही. पण त्या वर्षांत आपल्या पोळीत कोणाला वर्गणी माफ झाली, कोणाच्या घरी गावाकडचे नातेवाईक येऊन राहिले, हे शिरगणतीत मिळत नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तरच त्या दहा वर्षांचं काही हाती लागतं.

आता मुद्द्यावर येते. दप्तरात दोन घरांचे कागद आहेत. एक घर आपल्या पोळीच्या तोंडाशी असलेल्या वाड्याचं. आठवतं ना, लहानपणी सगळे सांगायचे, ‘हा वाडा सयाजीराव महाराजांनी खूश होऊन बक्षीस दिला’? त्या घरातल्या पणतवानं सगळे कागद होते तसे, जुन्या धोतराच्या रुमालात बांधलेलेच, आणून दिले. मी गाठ सोडली आणि वरून एकेक कागद त्याच क्रमानं काढत गेले. सगळ्यात वर फारखती, म्हणजे कर्ज फिटल्याची पावती. तिच्याखाली हप्त्यांची वही. वहीत खोचलेली अमरेलीहून आलेली कार्डं, ‘या महिन्याचे बारा पाठवले, उरलेले दिवाळीनंतर’. आणि तळाशी गहाणखत. बक्षीस-बिक्षीस काही नाही! तीन भावांनी कारकुनीच्या पगारातून हप्ते फेडून वाडा राखला होता. हप्त्यांच्या वहीच्या समासात एका जागी नुसतं ‘पाटल्या’ लिहिलं आहे, पुढे रक्कम. बऱ्याच पानांनंतर त्याच हातचं ‘पाटल्या घरी आल्या’. मंदा, मी तो समास किती वेळ बघत बसले होते. महाराजांच्या बक्षिसापेक्षा ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पणतवाला सांगताना मला धास्ती होती, घराण्याची मोठी कथा मोडत होते ना. तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, त्या पाटल्या माझ्या आईनं शेवटपर्यंत घातल्या होत्या.

बडोद्यात पतपेढीतून कर्ज काढून हप्त्यांनी फेडायची सवय जुनी, बरं का. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी 1889 मध्ये इथे अन्योन्य सहाय्यकारी मंडळी काढली, देशातली पहिली सहकारी पतसंस्था मानतात ती. सरकारचा सहकारी कायदा यायच्या कितीतरी आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांना जामीन राहायला सुरुवात केली होती. त्या वाड्याची वही वाचली की हे वाक्य पाठ्यपुस्तकातलं राहत नाही.

दुसऱ्या घराचे कागद त्याहून जास्त होते, जास्त जुनेही. पण आमच्याकडे यायच्या आधीच कोणीतरी हौसेनं ते ‘नीट लावले’. पत्रं एका खोक्यात, हिशेब दुसऱ्यात, फोटो वेगळे काढून प्रदर्शनाला. हेतू चांगलाच होता. आता माझ्या हातात एक पत्र आहे, ‘सोबत फोटो पाठवला आहे, डावीकडून तिसरा आपला’. आणि पगडीवाल्यांचे अकरा फोटो आहेत. कुठला? कोण तिसरा? कायम अंधार. पत्र चांगलं, फोटो चांगले, आणि तरी दोन्ही मुके झालेत, कारण ते कोणत्या पाकिटात एकत्र होते हे गेलं. कागद फाटला तर चिकटवता येतो, शाई पुसट झाली तर भिंगाखाली वाचता येते. पण कुठल्या गठ्ठ्यातून, कशाच्या खालून निघाला हे एकदा गेलं की परत आणता येत नाही.

म्हणून तुझ्या भाच्याच्या फोटोंची मला भीती वाटते. मोबाइलवर फोटो काढू दे, जरूर काढू दे. पण पहिला फोटो उघडलेल्या ट्रंकेचा, काही न हलवता. मग एकेक गठ्ठा बाहेर काढताना त्याला पेन्सिलीनं क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लावा, पेननं नको. गठ्ठ्यातला क्रम बदलू नका. टाचण्या गंजल्या असतील तर हळूच काढा, पण त्या टाचणीत जे कागद एकत्र होते ते एका कोऱ्या कागदाच्या घडीत एकत्रच ठेवा. चिकटपट्टी कुठेही लावायची नाही, लॅमिनेशन तर स्वप्नातही नाही. प्लास्टिकमध्ये कोंडलेला कागद पुढे कोणालाच सोडवता येत नाही. उन्हातही नको घालूस. कसर लागली असेल तर मऊ ब्रशनं झटकून तेवढाच गठ्ठा बाजूला ठेव. ओल्या फडक्यापासून जप: जुनी काजळाची शाई उजेडानं उडत नाही, शंभर वर्षांनी काळीभोर असते, पण पाण्यानं क्षणात ओघळते.

तू म्हणालीस, काही कागद ‘वळवळीत अक्षरांत, कोणालाच वाचता न येणारे’ आहेत. मोडी असणार. ती ओळखायची खूण सोपी आहे: आधी पानभर आडव्या रेघा मारलेल्या असतात आणि अक्षरं त्यांना लटकवत, हात न उचलता लिहिलेली. ऱ्हस्वदीर्घ पाळलेलं नसतं, शब्द तोडलेले नसतात. मला आता हिशेबी मोडी चांगली लागते, घरगुती पत्रांची अजून अडखळते. जुनं असेल तर सालाकडे बघ. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं काही दिसलं तर घाबरू नकोस, ती अरबी संख्या आहे: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे 1161. हे शुहूर साल मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणजे 1161 चा पौष हा 1761 च्या जानेवारीतला, पानिपताचा. आपल्या बडोद्याच्या घरांत तर एकाच वहीत तीन पंचांगं नांदतात. घरचं शक, गुजराती व्यापाऱ्याची नोंद असेल तिथे कार्तिकात सुरू होणारं विक्रम संवत, आणि कचेरीची इंग्रजी तारीख. अशा नोंदी मला फार आवडतात, एक तारीख दुसरीची साक्ष देते.

कचेरीचे शब्द अडले तरी काळजी नको. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करून घेतला होता, 1931 चा ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’. मी तो सेंट्रल लायब्ररीत बसून बघते. तू मांडवीजवळच्या त्या इमारतीत शेवटची कधी गेली होतीस? पुस्तकांच्या लोखंडी घोड्यांमधली काचेची जमीन अजून तशीच, खालच्या मजल्यावरचा उजेड पायाखालून वर येतो. अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला महाराजांनी 1910 मध्ये बोलावून घेतलं आणि लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरायला लागली, हे आपण शाळेत ऐकलं होतं. आता मी शोधते आहे, त्या पेट्या गावात उघडणारा मास्तर कोण होता. तुझे आजोबा काही वर्षं मेहसाण्याकडे शाळाखात्यात होते ना? बघ, म्हणजे मी तुझ्या ट्रंकांमागे का लागले आहे ते उघडच झालं.

रियासतकार सरदेसाई 1889 मध्ये इथे नोकरीला आले आणि 1925 पर्यंत राहिले. राजपुत्रांना शिकवता शिकवता ते इतिहासकार झाले, आणि पुढे पुण्याला पेशवे दप्तराचे 45 खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले. एवढा मोठा वारसा असलेलं हे गाव, आणि आपल्याच पोळीतले कागद किलोच्या भावानं जातात. मला याचा खरंच त्रास होतो. गेल्या पावसाळ्याआधी एका घरानं वाडा पाडायला दिला तेव्हा मी पोचेपर्यंत हातगाडी निघून गेली होती. उंबऱ्यावर फक्त एक लग्नाचा आहेर-यादीचा कागद पडला होता. तो आता मंडळात आहे, त्याच्यावर कुठल्या घराचा आणि कुठे सापडला ते लिहून.

मंडळाच्या अटींचंही सांगून ठेवते, कारण तुझा भाऊ विचारेल. कागद दान द्यायलाच हवेत असं नाही. ठेव म्हणून देता येतात, मालकी तुमचीच राहते, तसा लेखी करार होतो. आजी-आजोबांची खाजगी पत्रं असतील आणि ती इतक्यात कोणी वाचू नयेत असं वाटत असेल, तर तेवढा गठ्ठा सीलबंद ठेवतात, किती वर्षं ते तुम्ही सांगायचं. जमिनीचे किंवा घराचे चालू कागद असतील ते मात्र आधी भावाकडून तपासून घे, मूळ प्रती तुमच्याकडेच राहू देत. आणि सगळं घरीच ठेवायचं ठरलं तरी मला राग नाही. फक्त एका वहीत लिहून ठेव: ट्रंका कोणाच्या, कोणत्या घरातून कोणत्या घरात गेल्या, माळ्यावर कोणी ठेवल्या. हे सांगू शकणारी तुझ्या घरात आता मावशी एकटीच उरली आहे. तिला विचार, आणि तिच्या शब्दांत उतरव, सुधारू नकोस.

दिवाळीनंतर मी पुण्याला येऊ शकते, कुरियरनं काही पाठवू नकोस. आपण दोघी बसू, दिवसाला एक गठ्ठा, फार घाई नको. तुझी मोडी मी सुरू करून देईन. तुझं अक्षर आधीपासूनच वळणदार, तुला माझ्यापेक्षा लवकर जमेल. मावशीला नमस्कार, भाच्याला आशीर्वाद, आणि त्याला म्हणावं, मोबाइल चार्ज करून ठेव, कॅमेऱ्याचं काम त्याच्याचकडे.

तुझी,
सुमा

ता. क. कार्डांवरची आणि पाकिटांवरची तिकिटं भाच्यानं संग्रहासाठी सोडवायला घेतली असतील, तर ताबडतोब थांबव. पत्रावर तारीख नसली तरी टपालाच्या शिक्क्यावर असते, आणि गावाचं नावही.