लिनक्स टाकण्याआधी प्रिंटर पाहा

संपादक महोदय,

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित अपडेट थांबले आणि पुण्यातल्या कितीतरी घरांतले, छोट्या ऑफिसांतले धडधाकट संगणक 'जुने' ठरले. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा, म्हणून विंडोज ११ चालत नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. अशांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटातली ऑपरेटिंग सिस्टिम टाकून देणाऱ्या हौशी मदतनिसांसाठी हे पत्र. वैतागलेला माणूस महिनाभरात पुन्हा विंडोजकडे पळतो तो लिनक्स अवघड म्हणून क्वचितच. छापायला गेल्यावर कागद बाहेर आला नाही, म्हणून.

तेव्हा रॅम किती हे नंतर विचारा, आधी प्रिंटर कोणता ते पाहा. एचपीचा लेझरजेट १०२० असेल तर त्याचे प्लगिन (जोड प्रोग्रॅम) वेगळे उतरवून घ्यावे लागते. ते राहिले, तर प्रिंटर यादीत दिसतो, छापत मात्र नाही. चालू केल्यावर त्याला लागणारे फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारा प्रोग्रॅम) संगणकाकडूनच जाते, ते गेलेलेच नसते. दुकानोदुकानी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा खरा छळवादी. त्याचा ड्रायव्हर (संगणकाकडून प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) जुना. नव्या मिंटवर तो बसवण्यात अख्खी संध्याकाळ जाऊ शकते. मालकाला हे आधीच सांगावे.

मग मराठी. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या सोसायटीच्या नोटिसा लिनक्सवर फॉन्टअभावी अगम्य रोमन अक्षरांत उघडतात. विंडोज चालू आहे तोवरच त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. नव्या टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड) जोडला की झाले. टॅली या विंडोजवरच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर ज्याचा धंदा चालतो, त्याचे विंडोज काढण्याचा उत्साह मात्र आवरावा.

जुनी हार्ड डिस्क पुसूच नका. २४० जीबीची साटा एसएसडी (वेगवान नव्या प्रकारची डिस्क) तिच्या जागी बसवा, मिंट तिच्यावर टाका आणि जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून मालकाच्या हाती द्या. फोटो सुरक्षित, परतीची वाट मोकळी, आणि वेग वाढतो तो मुख्यतः एसएसडीमुळे (श्रेय लिनक्स घेते, ते घेऊ द्यावे). ४ जीबी रॅम असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती निवडावी.

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर एचर नावाच्या प्रोग्रॅमने मिंट चढवा. त्यातले आधीचे सगळे पुसले जाते. डेल, लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा आणि काहीही न बसवता वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर तपासा. ब्रॉडकॉम कंपनीची चिप असेल तर वायफाय बहुधा दिसणार नाही. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय) सुरू करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या.

दोन्ही सिस्टिम ठेवायच्या असतील, तर विंडोजमधले फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू होण्याची सोय) बंद करा, नाहीतर डी ड्राइव्ह लिनक्समध्ये नुसता वाचता येतो, त्यात काही साठवता येत नाही. विंडोजचे घड्याळही साडेपाच तास मागे पडलेले दिसेल, कारण लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहिते. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एका ओळीची आज्ञा देऊन ते स्थानिक वेळेवर आणता येते. ही आज्ञा द्यायला विसरलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतोच.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे