कोंबड्यांची पेप्टाइडं आणि ताईचं लग्न

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी ठणठणीत आहे. जेवणाखाणाचं फोनवर झालंच आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

बाबा, "जंतूंत हात घालून बसतेस" ही तुमची काळजी अगदी विनाकारण आहे. कोंबड्यांना रक्ती हगवण लावणारा आयमेरिया हा परजीवी माणसाला होत नाही. कोंबडीचा शेळीलासुद्धा लागत नाही. शेळीचा वेगळा, गाईचा वेगळा.

इथली एक पद्धत मात्र सांगायलाच हवी. प्रत्येक शेडच्या दारात आडवा बाक असतो. अलीकडे बसून बाहेरचे बूट काढायचे, पाय जमिनीला न टेकवता पलीकडे घ्यायचे आणि तिकडचे बूट चढवायचे. निघताना उलट. शेजारच्या शेडमध्ये मिनिटभराचं काम असलं तरी पुन्हा पहिल्यापासून. बूट जंतुनाशकात बुडवले की झालं, असं तुम्हाला वाटेल. पण आयमेरियाच्या ऊसिस्टचं, म्हणजे विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या त्याच्या अंड्यासारख्या रूपाचं, कवच इतकं चिवट असतं की नेहमीची जंतुनाशकं त्याला दाद देत नाहीत, आणि बुटाच्या तळाला चिकटून तो शेडभर फिरतो. म्हणून बाक.

आई, "औषधं आहेत ना, मग तू तिकडे कशाला?" परजीवी औषधांना सरावतात गं. आणि शरीराकडे स्वतःचं हत्यार आहेच. कोंबडीच्या मारक पेशी एनके-लायसिन नावाचं छोटं प्रथिन साठवून ठेवतात. त्यातल्या पेप्टाइडवर, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यावर, धन प्रभार असतो, म्हणून ते परजीवीच्या ऋणभारित आवरणाला चिकटतं आणि त्याला भोकं पाडतं. सूक्ष्मदर्शकाखाली केळ्यासारखे बाकदार स्पोरोझोइट, म्हणजे पेशीत घुसणारी परजीवीची पिल्लावळ, सरकत असतात. पेप्टाइड सोडलं की मंदावतात, आवरण फाटतं, आतलं बाहेर येतं. कितीही वेळा पाहिलं तरी मी श्वास रोखूनच पाहते!

हे प्रथिन 1995 साली पहिल्यांदा डुकराच्या आतड्यातून वेगळं केलं गेलं. माणसात त्याचं एकच जनुक असतं, गाईत चार. बाबा, गोचीड तापाचं मात्र अवघड आहे. त्याचा परजीवी थायलेरिया रक्तातल्या पांढऱ्या पेशीच्या आतच जाऊन बसतो आणि तिलाच वाढायला लावतो. तिथवर पेप्टाइड पोहोचवायचं कसं, हा मोठा प्रश्न आहे. गोठ्यापर्यंत यायला वेळ लागेल, पण म्हणून हे काम रिकामटेकडं नाही.

शिष्यवृत्तीतून उरलेले पैसे बाबांच्या खात्यात टाकलेत. लग्नाला लावा, परत पाठवू नका. मी येईन असं बोलले होते, पण पिल्लांची तुकडी नेमकी त्याच आठवड्यात आहे. संसर्गानंतर पाचव्या दिवसाच्या सुमारास रक्त दिसायला लागतं; नमुने तेव्हाच घ्यावे लागतात, दुसऱ्या कुणावर सोपवता येत नाहीत. ताईला मीच फोन करते, तुम्ही आधी सांगू नका. तिने अबोला धरला तरी तिला काही बोलू नका.

आणि आई, माझ्यासाठी आलेल्या स्थळाला होकारही देऊ नकोस, ताटकळतही ठेवू नकोस. इथलं काम संपायला अजून दोन वर्षं आहेत, हे त्यांना स्पष्ट सांग. बाबांच्या गोळ्या चुकवू देऊ नकोस.

तुमची,
मनू