मागच्या अंगणातलं टर्फ

अमळनेर,
दि. १० डिसेंबर

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

धुळ्याच्या घराचा स्लॅब टाकून झाला हे वाचून फार बरं वाटलं. वहिनींना माझा नमस्कार सांग. मागच्या मोकळ्या जागेत पोरांसाठी टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, टाकायचं म्हणतोस आणि गवत कुठलं घेऊ असं विचारतोस. गवताचं पुढे सांगतो. आधी जमिनीचं ऐक, कारण आपल्याकडे टर्फ बिघडतं ते खालून.

आपली काळी माती तुला मी काय सांगायची! पावसात फुगते, आणि मे महिन्यात अशी तडकते की भेगेत अख्खा पंजा जातो. मला एका ठेकेदाराने सांगितलं होतं, मातीवरच रोलर फिरवू, चार इंच कोबा टाकू, वर गवत चिकटवून देऊ. मी सरळ नाही म्हटलं. खालची माती हलली की असा पातळ कोबा उलतो, वर उंचवटे येतात, आणि पळताना पोराचा पाय मुरगळतो. तुलाही असा कुणी भेटेलच. स्वस्त पडतंय म्हणून भुलू नको.

आमची जागा पन्नास बाय तीस फूट. दीड फूट माती काढली, म्हणजे साडेबावीस ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). ती फेकली नाही, सगळी शेतावर नेली. काळी माती आपल्याकडे खोलवर असते, ती सगळी काही निघत नाही. म्हणून तळाशी जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरलं, म्हणजे वरचा मुरूम मातीत रुतत नाही. त्यावर मुरूम थराथराने, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर. मग खडी, आणि शेवटी बारीक कच. उताराच्या कडेला भोकं पाडलेला पाइप खडीत पुरून बाहेरच्या गटारीला जोडला, कारण बाजूने पाणी मुरत राहिलं तर खालची माती पुन्हा फुगणारच.

उतार शंभराला एक धरला, म्हणजे तीस फुटांत साडेतीन इंच. डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला कळतो. गवत अंथरायच्या आधी मी कचेवर होजपाइप सोडून बसलो. सगळीकडून पाणी ओसरलं, पण निंबाकडच्या कोपऱ्यात परातीएवढं डबकं राहिलं. गवंड्याने दोरी ताणली, पाण्याच्या नळीने लेव्हल पाहिली, तेवढ्या जागेत दोन पाट्या कच टाकून धुमसाने ठोकली. मी पुन्हा पाणी सोडलं. तुझ्याकडेही ही परीक्षा झाल्याशिवाय गवताचा रोल उघडू देऊ नको.

आता गवत. फुटबॉलच्या मोठ्या मैदानावर चाळीस-पन्नास मिलिमीटरचं, उंच पात्याचं टर्फ लागतं. आपली पोरं क्रिकेट, बॅडमिंटन, थोडा फुटबॉल असं सगळंच खेळणार. त्यांना वीस मिलिमीटरच्या आसपासचं दाट गवत बरं, चेंडूही नीट उसळतो. सगळ्या रोलची पाती एकाच दिशेला हवीत, नाहीतर उन्हात पट्टे वेगवेगळ्या रंगाचे दिसतात. रोल उघडून आधी तसेच पडू द्यावेत, वळ्या गेल्या की मगच खाली टेप घालून सांधे चिकटवावेत. मग सिलिका वाळू झाडूने पात्यांच्या मुळाशी सारायची. पाती उभी राहतात ती वाळूमुळे. जुन्या टायरचे काळे रबरी दाणे मात्र घरी नकोत असं माझं ठाम मत आहे. ते तापतात, पोरांच्या कपड्यांतून घरभर येतात, पावसात वाहून जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये असल्या दाण्यांच्या विक्रीवर बंदीचा नियम केला, तिथे ती २०३१ पासून लागू होईल.

ऊन हा खरा प्रश्न. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि उन्हातलं टर्फ साठ अंशांच्याही वर जातं. पाणी मारलं तर थोडा वेळ निवतं, पुन्हा तेच. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये खेळ सकाळी नऊच्या आत, नाहीतर दिवे लागल्यावर. पश्चिमेला शेडनेट बांधलंय, चारही कोपऱ्यांत खांबांवर एलईडी लावलेत. उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी येणार आणि आपण लॉन भिजवत बसणार, हे माझ्या मनाला पटलंच नसतं. म्हणून एवढं तापत असूनही मी टर्फच निवडलं.

तुला १९७५ आठवत असेल. त्या वर्षी आपण हॉकीचा विश्वचषक जिंकलो. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकला हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर झाली आणि आपण सातवे आलो. तुझे वडील ते किती तळमळून सांगायचे! पायाखालची जमीन बदलली की खेळच बदलतो. म्हणून निंबाखालचा आठ फुटांचा पट्टा मी मातीचाच ठेवलाय. खो-खो, कबड्डी तिथेच. टर्फवर घसरून पडलं की गुडघ्याची सालं निघतात, शिवाय झाडाच्या मुळांनाही पाणी जायला हवं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताईच्या मुली त्याच फांदीला झोका बांधतात. पानगळीत मात्र पाला रोज झाडावा लागतो, पात्यांत कुजला तर शेवाळ धरतं. आई संध्याकाळी ओट्यावर बसून बघत असते. अहिराणीत म्हणते, "पोरे डोयासमोर शेतस, आखो काय जोयजे?"

तुझं काम फेब्रुवारीत काढ. जमीन कोरडी असते, चिकटवणंही नीट बसतं. पावसाळ्यात काळ्या मातीत जेसीबी उतरवण्यात अर्थ नाही. जागेची लांबी-रुंदी, पाणी कुठल्या अंगाला उतरतं आणि कुंपणाच्या भिंतीचा पाया किती खोल आहे, एवढं लिहून पाठव. भिंतीला लागून दीड फूट खणायचं तर पाया आधी माहीत हवा. खणायच्या दिवशी मी स्वतः येतो, सकाळच्या गाडीने.

काकांना-काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना दोस्त